मुलांच्या पट्टीत

पालकांच्या पहिल्या बैठकीत मी नाटकाची गोष्ट सांगितली, तालमींच्या वेळा सांगितल्या आणि कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा म्हटलं. पहिलाच प्रश्न आला तो गाण्यांच्या रेकॉर्डिंगचा. कुठल्या स्टुडिओत करणार, गायला कुणाला बोलावणार, त्याचा खर्च वेगळा द्यायचा का? विचारणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. आज मुलांचं गाण्यांचं नाटक म्हटलं की गाणी आधी ध्वनिमुद्रित करायची आणि मुलांनी त्यावर ओठ हलवत नाचायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. मी सांगितलं, रेकॉर्डिंग होणार नाही. पेटी असेल, तबला-ढोलकी असेल आणि मुलं रंगमंचावर उभी राहून स्वतः गातील. बैठकीत जरा चुळबुळ झाली. मग एका वडिलांनी काळजीनं विचारलं, "बाई, पण ऐनवेळी पोरं बेसूर झाली तर?"

"होतील थोडी. पण गातील ती स्वतः," मी म्हटलं.

मी सांगलीत मुलांना गाणं शिकवते. शाळांच्या संमेलनांना, बालनाट्यांना मदत करायला जाते, त्यामुळे रेकॉर्डवरच्या नाटकात मुलाचं काय होतं ते विंगेतून पुष्कळदा पाहिलं आहे. गाणं सुरू झालं की मुलाचं लक्ष समोरच्या पात्रावरून उडतं आणि स्पीकरकडं लागतं. वाजणारं गाणं कुणासाठी थांबत नाही. प्रेक्षक हसले, टाळी पडली, कुणाचा मुकुट घसरला, तरी ते आपल्या गतीनं पुढं जातं आणि मूल त्याच्यामागं धावत राहतं. शिवाय त्यातला आवाज बहुतेक वेळा मोठ्या गायिकेचा, मुद्दाम लाडिक काढलेला. नऊ वर्षांची मुलगी संवाद बोलते तिच्या स्वतःच्या, जरा खरखरीत आवाजात आणि पुढच्याच क्षणी तिच्या तोंडून भलताच तयार गळा ऐकू येतो. समोर बसलेल्या लहान मुलांनाही हे कळतं. ती लगेच शेजारच्याला सांगतात, "ती नाही गात, टेप लावलीय." पुढचं अर्धं नाटक त्यांचं लक्ष टेप कुठून वाजते ते शोधण्यात जातं.

मला हे विशेष लागतं, कारण आम्ही हे सांगलीत करतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' इथंच उभं केलं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्या प्रयोगाचाच. भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार आणि त्याचे साथीदार गात, पात्रं त्या पदांवर अभिनय करीत आणि आपलं बोलणं उत्स्फूर्त बोलत. शहराबाहेर थोड्या अंतरावर हरिपूर आहे, कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं. ते गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. त्यांची 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आली. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या एका मुलीचं ते नाटक, आणि केशवराव भोसले बालवयातच शारदेची भूमिका गाऊन महाराष्ट्रभर नावाजले गेले. बालगंधर्वांनी शकुंतला होऊन पहिलं पाऊल टाकलं ते १९०५ साली मिरजेत. म्हणजे रंगमंचावर उभं राहून कोवळ्या गळ्यानं गायचं, ही आमच्या या कृष्णाकाठची जुनी गोष्ट आहे. त्या काळच्या नाटक कंपन्यांतलं मुलांचं जिणं खडतर होतं, घर सुटलेलं, शाळा सुटलेली. ते परत यावं असं कुणी म्हणणार नाही. पण मुलाचा गळा नाट्यगृह भरून टाकू शकतो, हा त्यांचा विश्वास आपण का सोडून दिला?

मुलांची म्हणून वेगळी रंगभूमी मराठीत नंतर उभी राहिली. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'लिटिल थिएटर' सुरू केलं, रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' केलं आणि मुलांसाठीचं नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतक्याच तोलामोलाचं नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा घेऊन येऊ शकतं हे दाखवलं. मतकरींच्या 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या'वर दोन-तीन पिढ्या वाढल्या. पुढं १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं बर्लिनच्या 'ग्रिप्स' थिएटरची पद्धत पुण्यात रुजली. तिथं मोठी माणसं मुलांची कामं करतात, विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात आणि गाणी नाटकाचा कणा असतात. हे सगळं मी तरुणपणी हावऱ्यासारखं पाहिलं. आमचं नाटक मात्र मुलांनीच करायचं होतं, आणि गाऊन.

गोष्ट निवडली चिमणी-कावळ्याची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं वाहून जातं, कावळा चिमणीच्या दारात येतो आणि ती काही ना काही कारण सांगून दार उघडायचं लांबवते. मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट भात भरवताना ऐकवलेली असते. ती निवडण्याचं माझं कारण गाण्याचं होतं. कावळ्याची हाक आणि चिमणीचं उत्तर यांत सवाल-जवाबाचं पद आयतं बसलेलं आहे. शिवाय पुनरावृत्ती आहे, आणि लहान मुलांना पाठांतराला पुनरावृत्तीसारखा आधार नाही.

पण गोष्ट जशीच्या तशी राहिली नाही, आणि त्याचं श्रेय मुलांचं. वाचनाच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, चिमणी दार का उघडत नाही? पाणी आल्यावर कोणपण उघडतं की." सांगलीत पाणी आल्यावर म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात इथली पोरं क्रिकेटच्या धावसंख्येइतक्याच सहजपणे हे आकडे बोलतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. ही मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला आठवत होतं ते एवढंच, की गल्लीत बोट आली होती, आपण एका ओळखपाळख नसलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो, आणि तिथल्या आजी भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून द्यायच्या. मग एकेक जण बोलू लागला. कुणाची वह्या-पुस्तकं गेली होती, कुणाची म्हैस. एकाच्या घरातल्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, त्याच्या वडिलांनी तेवढ्या पट्ट्यावर रंग दिलेला नाही. त्या दिवशी वाचन झालं नाही. मी फक्त ऐकत होते आणि मध्येमध्ये लिहून घेत होते.

आता प्रश्न असा, की चिमणीनं पहिल्याच हाकेला दार उघडलं तर नाटक तिथंच संपतं. मुलं यावर दोन दिवस भांडली. एक गट म्हणाला, चिमणी वाईट नाही, तिची पिल्लं लहान आहेत, ती घाबरली आहे. दुसरा म्हणाला, घाबरली असली तरी चूकच. मग सहावीतल्या एका अबोल मुलानं सांगितलं, "मेण पाण्यावर तरंगतं." आम्ही सगळे त्याच्याकडं बघत राहिलो. तो पुढं म्हणाला, "कावळ्याचं घर वाहून जाणार. चिमणीचं तरंगणार. मग ती बोट होईल."

उत्तरार्ध तिथंच सापडला. पाणी चढत चढत चिमणीच्या दारापर्यंत येतं, तिचं घर जमिनीवरून उचललं जातं, आणि भीतीपोटी दार लावून बसलेली चिमणी तेच घर उलटं करून त्याची नाव करते. आधी कावळ्याला घेते, मग खारीला, सशाला, शेवटी झाडावर अडकलेल्या माकडाला. हे मला एकटीला लिहायला बसून सुचलं नसतं. नेपथ्य करणाऱ्या सुतारदादांना हे सांगितल्यावर त्यांनी डोकं खाजवलं आणि चार दिवसांनी बांबूच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, खाली चाकं असलेलं घर आणून ठेवलं. दोन मुलं ते सहज उलटं करू शकत होती. मुलांच्या नाटकात नेपथ्य मुलांना उचलता आलं पाहिजे, हे त्यांनी न सांगता ओळखलं याचं मला फार कौतुक वाटलं.

आता गाण्याकडं येते, कारण सगळं अडतं ते तिथंच.

आमचे पेटीवादक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, भजनातले आणि जुन्या संगीत नाटकांतले मुरलेले. त्यांनी पदांना ज्या चाली लावल्या त्या स्वतः गाऊन दाखवल्या, काळी एकमध्ये. सुरेख होत्या. पण पुरुषाच्या काळी एकमध्ये बांधलेलं पद मुलं एक सप्तक वर गातात, आणि त्यात चाल तार मध्यमापर्यंत गेली की गाण्याची किंकाळी होते. खाली आणावं तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा आवाज मंद्रात उतरतच नाही, नुसता श्वास ऐकू येतो. मोठ्यांना जिथं आरामात गाता येतं ती जागा मुलांची नसते. एवढं लक्षात न घेता आपण मुलांना बेसूर ठरवतो. मी शिकवायला लागल्यापासून 'याला सूर नाही' म्हणून माझ्याकडं आणलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा सूर शाबूत होता. चुकीच्या पट्टीत गायला लावल्यामुळे तो त्यांना सापडत नव्हता.

म्हणून आम्ही चाली तशाच ठेवून मुलं त्यांत कोंबली नाहीत. आधी प्रत्येक मुलाचा आवाज ऐकला. आवडतं कुठलंही गाणं, पेटीशिवाय, जिथून सुरू होईल तिथून. मूल स्वतःच्या मनानं जो सा धरतं तो बहुधा त्याचा खरा सा असतो. त्यावरून बहुतेक पदं काळी पाचवर गेली, दोन काळी चारवर. त्यासाठी त्या पट्टीत लागणारा वेगळा तबला आणावा लागला. अण्णांनी चाली पुन्हा बांधल्या, एका सप्तकात आणि शक्यतो सहा स्वरांत. तान नाही, मींड अगदी थोडी. त्यांना हे सुरुवातीला जड गेलं असणार, पण बोलले नाहीत. आठवड्याभरानं म्हणाले, "कमी स्वरांत चाल बांधायची म्हणजे लपायला जागा राहत नाही." त्या साध्या चालींत त्यांचं सगळं आयुष्य उतरलं होतं असं मला वाटतं.

शब्दांचंही तसंच. मुलाचा श्वास छोटा. मोठ्या ओळीच्या मधोमध तो संपतो आणि शब्द तुटतो. म्हणून ओळी आखूड केल्या. जिथं स्वर लांबवायचा तिथं आकार किंवा ओकार आणला, कारण ईकारावर मुलं गळा आवळतात. जोडाक्षरं द्रुत लयीतून काढली. दाराचं पद आम्ही असं रचलं की कावळ्याची हाक दर वेळी एका स्वरानं चढते: पहिली षड्जावर, दुसरी ऋषभावर, अशी पंचमापर्यंत. चिमणीचं उत्तर मात्र दर वेळी त्याच स्वरांवर, न हलणारं. त्यामुळे एक शब्दही न बदलता ताण वाढत जातो. पंचमावरची हाक लागली की दार उघडतं. मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही. तिसऱ्या हाकेपाशी सगळी खोली आपोआप श्वास धरायची.

गाण्यात मागं राहणाऱ्यांचं काय करायचं? इथं मला भाव्यांचा सूत्रधार उपयोगी पडला. आम्ही एका सूत्रधाराऐवजी सात-आठ मुलांचं टोळकं रंगमंचाच्या एका कडेला बसवलं. ते कथा गाऊन पुढं नेणार, आणि पाऊस, वारा, गडगडाट यांचे आवाजही तेच काढणार. सुपात ज्वारी घेऊन ती गोल फिरवली की दुरून येणारा पाऊस होतो. वेग वाढवला की सरी. जुना पत्रा हलवला की मेघ. सुपं सांभाळणाऱ्या मुलांना सुरुवातीला गायचं नव्हतं, पण पावसाची लय त्यांच्या हातात होती. लय हातात आली की सूर फार काळ दूर राहत नाही. पुढं तीच मुलं पालुपदाला सगळ्यांत खणखणीत असायची.

एका रविवारी सगळ्यांना मिरजेला घेऊन गेले. तंबोरे-सतार करणाऱ्यांच्या कारागिरीमुळे मिरजेचं नाव देशभर आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरकडून आलेले भलेमोठे वाळलेले भोपळे रांगेत लटकवलेले पाहून मुलं हरखली. कारागीर काकांनी एकाला भोपळ्यावर कान ठेवायला सांगितलं आणि तार छेडली. मग प्रत्येकाला कान लावायचा होता. त्यांनी घोडीवर, तारेखाली जव्हारीचा दोरा सरकवून दाखवला: एका जागी तार नुसती वाजते, जरा सरकवला की तीच तार गुंजायला लागते. परत येताना बसमध्ये मुलं तोंड मिटून षड्ज धरत होती, एकमेकांच्या पाठीला कान लावून. मी महिनाभर शिकवूनही जे समजलं नसतं ते त्या दुकानात समजलं होतं.

आणि एक मुलगा होता. सूत्रधारांचा म्होरक्या, सातवीतला, आमच्यातला सर्वांत तयार गळा. घरात वारकरी परंपरा, लहानपणापासून भजनात टाळ घेऊन उभा राहिलेला. तालमी रंगात आल्या आणि एक दिवस त्याचा आवाज पदाच्या मध्येच फाटला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तो गाईना. ओठ हलवायचा, आवाज काढायचा नाही. बाकीच्यांच्या ते ध्यानात आलं नाही, माझ्या आलं. तालीम संपल्यावर त्याला थांबवून विचारलं तर म्हणाला, "बाई, मला काढून टाका. माझं गाणं गेलं."

बारा-चौदाच्या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि बोलण्याची पट्टी सुमारे एक सप्तक खाली येते. काही महिने आवाज दोन्ही घरांत राहतो, कधी इथं कधी तिथं. हे सगळं मी त्याला नीट, शास्त्राला धरून सांगितलं. त्याच्याशी याबद्दल आजवर कुणी बोललंच नव्हतं. गाणं गेलेलं नाही, ते घर बदलतंय, हे कळल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. या काळात ओढून वर गायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही, आणि जे तीन-चार स्वर आज सहज लागतात तेवढेच गायचे असं ठरलं. त्याचे ते स्वर खालचे होते, बाकी कुणाकडंच नसलेले. अण्णांनी ऐकले आणि पुराच्या पदाखाली त्याच्यासाठी वेगळी ओळ बांधली. वर सगळी मुलं काळी पाचमध्ये धास्तावून गातात, आणि खालून हा एकटा सावकाश चढणारं पाणी गातो, चारच स्वर, पुन्हा पुन्हा. तोवर आमच्या नाटकात पूर होता तो नुसता निळ्या कापडाचा. त्या दिवसापासून तो ऐकू यायला लागला.

बाकीच्या गोष्टी कुठल्याही नाटकात असतात तशाच. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घेणं, नाट्यगृहाची तारीख मिळवणं, देणग्यांसाठी दुकानं फिरणं, शिकवण्या आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या वेळांतून तालमी बसवणं. बालकलाकारांच्या कामाच्या तासांबद्दल सरकारी नियम आहेत, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नको असे. आमचं हौशी नाटक त्या नियमात बसत असो वा नसो, आम्ही संध्याकाळी दोनच तास घेतले, मध्ये खाऊची सुट्टी ठेवून. थकलेलं मूल आधी सूर सोडतं, मग शब्द. हे घड्याळापेक्षा लवकर कळतं.

रंगमंचाबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. शाळेच्या हॉलमध्ये पक्कं बसलेलं नाटक विष्णुदास भावे नाट्यमंदिराच्या रंगमंचावर नेलं तेव्हा पहिला तासभर मुलं हरवल्यासारखी झाली. समोर एवढा अंधार, वरून दिव्यांचा उकाडा, आणि आपलाच आवाज कुठं जातो ते कळत नाही. साहजिकच ती ओरडू लागली. मी सगळ्यांना खाली उतरवलं आणि प्रेक्षागृहात पसरून बसवलं. एकेकानं रंगमंचावर जाऊन आपली एक ओळ गायची, आणि शेवटच्या रांगेतल्या मित्रानं ऐकू आली की हात वर करायचा. न ओरडता हात वर होतात हे त्यांनी स्वतः पाहिलं. त्यानंतर माइकबद्दल कुणी विचारलं नाही. पुढच्या कडेला जमिनीलगत ठेवलेले दोन माइक पुरले. ब्लॅकआउटची मात्र लहानग्यांना खरोखरच भीती वाटत होती. विंगेच्या कडांना चमकणारी पट्टी लावली, प्रत्येक विंगेत एक आई उभी केली, आणि काळोखात सूत्रधारांनी षड्ज धरून ठेवायचा असं ठरवलं. ज्या बाजूनं सूर येतो तिकडं चालत जायचं. ही युक्ती इतकी लागू पडली की पुढं दोन प्रवेशांमधला अंधार आम्ही नाटकातच धरला.

प्रयोगाच्या दिवशी नारळ वाढवला, तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. मी पेटीशेजारी विंगेत बसले होते. पहिल्या पदात दोन जण चढले आणि तिसऱ्या ओळीला खाली आले. काहीही बिघडलं नाही. प्रेक्षागृह पुढं सरकून ऐकत होतं, कारण मुलं खरोखर गात आहेत हे पहिल्या दहा सेकंदांत सगळ्यांना कळलं होतं.

दाराच्या पदापाशी जे झालं ते तालमीत कधीच झालेलं नव्हतं. कावळ्याची तिसरी हाक झाली, चिमणीनं आपलं ठरलेलं उत्तर गायलं, आणि समोरच्या रांगांतून एक लहान पोरगं ओरडलं, "अगं, उघड की!" मग दुसरं, मग बघता बघता सगळं नाट्यगृहच चिमणीला दार उघडायला सांगू लागलं. चिमणी नऊ वर्षांची. ती बावरली नाही. दाराच्या फटीतून तिनं प्रेक्षकांकडं पाहिलं, मान हलवून नाही म्हटलं, आणि थांबली. अण्णांनी सूर धरून ठेवला, तबला नुसता ठेका देत राहिला. सूत्रधारांनी पावसाची सुपं सावकाश फिरवत ठेवली. गलका ओसरायला लागला तसं कावळ्यानं अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी मान डोलावली, आणि चौथी हाक मध्यमावर स्वच्छ लागली. एवढ्या वेळात कुणीही त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. गाणं त्यांच्या ताब्यात होतं म्हणून ती थांबू शकली.

पुराच्या पदात खालचे चार स्वर आले तेव्हा माझ्या मागं उभ्या असलेल्या एक आई म्हणाल्या, "कोण गातंय हे?" तो त्यांचाच मुलगा होता.

त्या संध्याकाळनंतर तीन शाळांनी विचारणा केली, आणि तिन्ही ठिकाणी बोलणं पुन्हा रेकॉर्डिंगपाशी येऊन अडलं. वेळ नाही, मुलांना झेपणार नाही, बेसूर होईल. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. यंदा तुमच्या शाळेत, सोसायटीत, मंडळात मुलांच्या कार्यक्रमाची तयारी सुरू होईल तेव्हा निदान एक गाणं त्यांना स्वतः गाऊ द्या. पेटी वाजवणारं माणूस प्रत्येक गावात असतं, भजनी मंडळात विचारा. आधी मुलांचा आवाज ऐका, मग पट्टी ठरवा, चाल सहा स्वरांत बांधा आणि तालमीला पुरेसे दिवस द्या. ज्याचा आवाज फुटतो आहे त्याला बाहेर बसवू नका, त्याच्यासाठी खालची ओळ बांधा. नाट्यगृहं चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, मुलांच्या नाटकाला प्रयोगाआधी एक पूर्ण दिवस रंगमंच तालमीसाठी द्या, आणि तो परवडेल अशा भाड्यात द्या. आणि पालकहो, घरी मूल मोठ्यानं गात असेल तर त्याला गप्प बसवू नका.